निंबाची साक्ष

चैत्र शुद्ध प्रतिपदेस देवदर्शन करून निंबाचे कोवळे पान जिभेवर ठेवताना त्याच्या गुणाचा पुरावा मागावा असे आपल्या मनातही येत नाही. चरकसंहितेत खाज शमविणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात निंबाची गणना आहे. धान्यात त्याचा वाळलेला पाला घालण्याची रीत तर घरोघरची. परंतु श्रद्धा वेगळी आणि साक्ष वेगळी. हा भेद युरोपात चाललेल्या एका वादाने आपणांस चांगलाच शिकविला.

१९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषिखाते व डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांस एक पेटंट दिले. निंबाच्या बियांतून काढलेल्या तेलाने वनस्पतींवरील बुरशी आटोक्यात आणण्याची पद्धत, हा त्याचा विषय. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी त्यास हरकत घेतली.

‘निंबाचे गुण आमच्याकडे सर्वांस ठाऊक आहेत,’ एवढे म्हणून हा दावा निकालात निघण्याजोगा नव्हता. पेटंट वृक्षावर नव्हते. विशिष्ट रीतीने काढलेल्या तेलाच्या विशिष्ट उपयोगावर होते. तेव्हा प्रश्न असा की, अर्जापूर्वी नेमका तोच उपयोग कोणी, कोठे, केव्हा केला? याचे उत्तर उद्योजक अभय फडके यांच्या साक्षीने दिले. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांत तशा चाचण्या झाल्या होत्या. १० मे २००० रोजी म्युनिच येथे पेटंट रद्द झाले, आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरील अपीलही फेटाळले गेले. शतकांची परंपरा पाठीशी होती खरी. पण पारडे झुकविले ते दोन उन्हाळ्यांच्या प्रयोगांनी.

प्रयोगशाळेतील परीक्षेसही हाच न्याय लागू आहे, असे आम्हांस वाटते. काचेच्या पसरट बशीत पोषक अगर ओतून त्यावर बुरशी पेरतात. मधोमध छिद्र पाडून त्यात वनस्पतीचा अर्क घालतात. काही दिवसांनी छिद्राभोवती बुरशीविरहित कडे उमटले, तर त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. परंतु अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर गुण पाल्याचा की अल्कोहोलचा? म्हणून नुसत्या अल्कोहोलची दुसरी बशी आणि माहीत असलेल्या औषधाची तिसरी बशी शेजारी ठेवावी लागते. या दोन बश्यांवाचून केलेली परीक्षा म्हणजे उलटतपासणीवाचून घेतलेली जबानी! पुढे अर्क क्रमाक्रमाने पातळ करीत, बुरशीची वाढ थांबविणारे किमान प्रमाण शोधतात. इतके करूनही बशी ती बशीच. मनुष्याच्या कातडीवर तोच गुण येईल, हे निराळे सिद्ध करावे लागते.

साक्ष नोंदविण्याची ही शिस्त परकी मानण्याचे मात्र कारण नाही. कोचीन येथे डच अधिकारी व्हान ऱ्हीड ‘हॉर्टस मलबारिकस’ हा वनस्पतिग्रंथ सिद्ध करीत असता रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोंकणी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. आपल्या या कामाची साक्ष त्यांनी १६७५ साली कोंकणी भाषेत, नागरी लिपीत, स्वतःच्या सह्यांनिशी लिहून दिली. १६७८ साली अॅमस्टरडॅम येथे छापलेल्या पहिल्या खंडात ती आजही वाचावयास मिळते. ते तिघे नुसते सांगून थांबले असते, तर आज त्यांची नावेही उरली नसती.

आपल्या घरातील कोणी वृद्ध नायट्यावर एखादा पाला वाटून लावावयास सांगत असतील, तर तो पाला कोणत्या झाडाचा, कोवळा की जून, कशात वाटावयाचा, किती दिवस लावावयाचा, हे त्यांच्या नावानिशी व तारखेनिशी आजच लिहून ठेवावे. परीक्षा पुढे होईल; पण साक्षीदार मात्र कायम राहणार नाही.