माणसं तीच, रकाना वेगळा

गुणात्मक डेटा म्हणजे आकडे नसलेला, म्हणून सोपा, असं वाटत असेल तर जनगणनेचे जुने तक्ते एकदा उघडून बघा. मी उदाहरण घरापासूनच देतो. आमच्या प्रताप नगरहून दीक्षाभूमी तशी जवळच. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1951 साली बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. 1961 मध्ये ती सुमारे 27 लाख 90 हजार झाली. एवढी वाढ जन्मदराने होत नाही. माणसं तीच होती, त्यांनी दिलेलं उत्तर बदललं होतं.

'धर्म' हे नामिक चल आहे. संगणकात हिंदूला 1, मुस्लिमाला 2, बौद्धाला 3 असे कोड दिले तरी ती नुसती नावंच. एक्सेल त्यांची सरासरी बिनतक्रार काढून देईल, पण 1.8 धर्म म्हणजे काय? इथे मोजणी, टक्केवारी, बहुलक, काय-वर्ग चाचणी असली साधनं चालतात. 'आर' वापरत असाल तर तो रकाना आधी फॅक्टर करून घ्या.

आता खरी गोम. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच होता. 1956 मध्ये त्यात शीखही आले. म्हणजे 1961 ला ज्याने धर्म 'बौद्ध' सांगितला, तो अनुसूचित जातींच्या मोजणीतून आपोआप बाहेर पडला. खरं उत्तर दिल्याची किंमत म्हणून केंद्रातल्या आरक्षणाला मुकावं लागलं. 1990 मध्ये कायदा बदलून बौद्धांचा समावेश झाला. परिणाम बघा: महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण 1981 ला 7.14 टक्के, 1991 ला 11.09 टक्के. हा आलेख नुसता पाहून 'लोकसंख्या झपाट्याने वाढली' असं लिहिलंत, तर अख्खं प्रकरण चुकेल.

म्हणून दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवण्याआधी तीन गोष्टी वहीत उतरवा: प्रश्न नेमका काय होता, पर्याय कोणते होते आणि कुणाला कुठल्या रकान्यात घालायचं हे कोणत्या नियमाने ठरलं. तुमच्या स्वतःच्या प्रश्नावलीलाही हेच लागू आहे. 'इतर' या पर्यायात जेव्हा खूप उत्तरं जमतात, तेव्हा ती पुसू नका. आधी वाचा.