गाणे आपले, शाहीर कोणाचा?



आपल्या सीमाभागात वाढलेल्या मराठी माणसाला ‘माझी मैना’ ही छक्कड कोणी शिकवावी लागत नाही. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, कुठेही मराठीसाठी चार माणसे जमली की कोणीतरी ती म्हणतो आणि आपले डोळे पाणावतात. मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर; इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरीही या व्याख्यानमालेसाठी मी त्या छक्कडीच्या कर्त्याचे, शाहीर अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र निवडले. त्याचे कारण एका रुग्णाने मला विचारलेला प्रश्न. तो पुढे सांगतो. आधी शाहीर.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगावी, मातंग समाजात झाला. नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालुबाई. शाळा घडली ती अवघी दीड दिवस. पोटासाठी हे कुटुंब गाव सोडून पायी मुंबईला गेले. मुंबईत मिळेल ते अंगमेहनतीचे काम करीत, दुकानांच्या पाट्या लावून वाचीत हा मुलगा साक्षर झाला. पुढे गिरणीत कामगार झाला आणि कामगारांच्या चळवळीतून कम्युनिस्ट पक्षात आला.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गावोगावच्या तमाशाचा साज तोच ठेवून आशय बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आले. गवळणीला रजा मिळाली. बतावणीच्या जागी सावकार, काळाबाजारवाला आणि मालक येऊन उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अशा तमाशांवर बंदी घातली, तेव्हा तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने पुढे चालू राहिला.

त्यांची नजर किती दूर जाई पाहा. वाटेगावच्या या मुलाने स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, बर्लिनचा रचला, बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ दिली. आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे ‘तेलंगणाचा संग्राम’ही गायला. तेलंगणातील शेतकऱ्यांचा तो लढा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. त्याच संस्थानाचे बिदर आणि गुलबर्गा हे आपले जिल्हे. म्हणजे हे शाहीर निजामाच्या राज्यातल्या रयतेचे दुःख गात होते, तेव्हा आपली वडीलधारी मंडळी त्याच राज्यात राहत होती.

आता ‘माझी मैना’कडे येऊ. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही छक्कड जन्मली. पोटासाठी मुंबईला गेलेला एक मजूर गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, निरोपाची वेळ, दागिने करण्याचे वचन, मग मुंबईचा झगमगाट आणि त्या झगमगाटातली आपली उपासमार, असा क्रम आहे. शेवटाकडे तो म्हणतो की माझी आणि मैनेची जी ताटातूट, तीच या तुटलेल्या महाराष्ट्राची. तिथे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात.

बिदर-भालकी मात्र त्यात येत नाहीत. तरी आपण ती छक्कड आपली मानली आणि ते साहजिकच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, जहीराबादचा भाग आंध्रात गेला. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. माहेर उदगीरला आणि सासर भालकीला अशी किती घरे एका रात्रीत दोन राज्यांची झाली! त्या घरांना या छक्कडीत आपली व्यथा ऐकू आली.

पण वाचकहो, छक्कडीत आणखी एक व्यथा आहे आणि ती आधी येते. तो मजूर गाव का सोडतो? सीमा आखली म्हणून नव्हे. गावात त्याला पोट भरण्याइतके काही नव्हते म्हणून. गावकुसाबाहेरच्या माणसाची भूक हा त्या गाण्याचा पाया आहे. सीमेचे दुःख त्या पायावर उभे आहे. आपण वरचा मजला घेतला आणि पाया विसरलो.

असे आपणच केले असे नाही. आमच्या होमिओपॅथीचे जनक डॉ. हानेमान जर्मन. आयुष्याच्या अखेरीस, १८३५ साली, ते पॅरिसला गेले आणि १८४३ साली तिथेच वारले. त्याच काळात त्याच शहरात हाइनरिख हाइने नावाचा जर्मन कवी राहत होता. ज्यू कुटुंबात जन्मलेला, सत्ताधाऱ्यांना झोंबेल असे लिहिणारा. १८३५ साली जर्मन राज्यांच्या सभेने त्याच्या लेखनावर बंदी घातली. १८४४ साली सायलेशियातील उपाशी विणकरांनी उठाव केला, तेव्हा त्याने त्यांच्यावर कविता लिहिली. प्रशियात तीही चालू दिली गेली नाही. १८५६ साली तो पॅरिसमध्येच वारला. आता गंमत पाहा. त्याचे ‘लोरेलाय’ हे गीत जर्मनांच्या घरोघरी गायले जात होते, पण कवीच्या स्मरणार्थ केलेले शिल्प त्याच्या जन्मगावाने, ड्यूसेलडॉर्फने, नाकारले. १८९९ साली ते न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. १९३३ साली तर त्याची पुस्तके जाळण्यात आली. गाणे हवे होते, गाणारा नको होता.

अण्णा भाऊंचेही फार वेगळे झाले नाही. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन करताना त्यांनी सांगितले की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित आणि कष्टकरी यांच्या तळहातावर तरली आहे. ‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली आली. आपल्या माणसांचे प्राण वाचवण्यासाठी धान्य लुटणाऱ्या एका मातंग वीराची ती कथा त्यांनी डॉ. आंबेडकरांना अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच. अखेरची वर्षे दारिद्र्यात आणि एकाकीपणात गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही न गाठता, ते वारले. पुढच्याच महिन्यात अमर शेख अपघातात गेले. २००२ साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला.

मॉस्कोत पुतळा उभा राहिला हे चांगलेच झाले. पण आपल्या गल्लीचे काय? इथे त्या रुग्णाची हकिकत येते. दम्याचा त्रास असलेला एक म्हातारा हलगीवादक माझ्याकडे औषधाला येई. आमच्या शास्त्रात रुग्णाची सारी कहाणी ऐकावी लागते. त्रास कशाने वाढतो, कशाने कमी होतो, मनाला काय लागले आहे. तसे विचारता विचारता छक्कडीचा विषय निघाला. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, “आम्ही प्रत्येक सभेत म्हणतो.” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तुमच्या सभेत आमच्या अण्णाचं गाणं वाजतंय. मग एक ऑगस्टला आमची मिरवणूक तुमच्या गल्लीत आली की दारं का झाकता?”

मला उत्तर देता आले नाही. कारण झाकलेल्या दारांत माझेही होते. आमचे घर जैन. चातुर्मासात दिवेलागणीआधी जेवण उरकायचे, पाणी गाळून प्यायचे, पायाखाली मुंगी येऊ द्यायची नाही. त्याच घरी आमचा सालगडी अंगणात बसून ओंजळीने पाणी पिई. आजी वरून तांब्या ओती. मुंगीला जपणाऱ्या घरात माणूस ओंजळीवर राहिला आणि लहानपणी मला त्यात काही खटकले नाही.

आणि हे घडले कुठे? बसवकल्याणपासून फार दूर नाही. बाराव्या शतकात त्याच कल्याणात चांभार हरळय्याच्या मुलाचा आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचा विवाह शरणांनी लावला आणि त्यापायी देहदंड सोसला. ती वचने कन्नडमध्ये आहेत म्हणून ती आपली नाहीत, असे इथल्या मराठी माणसाला म्हणता येणार नाही. या मातीने हा धडा आठशे वर्षांपूर्वीच दिला होता.

सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालयात काय लागायचा तो लागो. तो आपल्या हाती नाही. आपल्याच गावातली सीमा मात्र आपणच आखलेली आहे आणि ती पुसायला कोणत्याही आयोगाची गरज नाही. आपण आपल्या मुलांना मराठी टिकवा म्हणून सांगतो. ती टिकवली कोणी? जुन्या वाड्यांनी टिकवली, हे खरे. पण हलगीवर, पोवाड्यात, ऊसतोडीच्या फडावर ज्यांनी टिकवली त्यांची नावे आपल्या स्मरणिकांत शोधून सापडत नाहीत.

तो हलगीवादक आता नाही. त्याच्या पश्चात आलेल्या पहिल्या १ ऑगस्टला मी दार उघडे ठेवून उंबऱ्यात उभा राहिलो. मिरवणूक आली. पोरांनी थांबून हलगी वाजवली. पत्नीने आतून पाण्याची घागर आणि पेले आणले, आणि पोरे पेल्यानेच पाणी प्याली. एवढेच झाले. पासष्टी जवळ आलेल्या माणसाने सांगावे असे हे मोठे कृत्य नव्हे. उशीरच झाला, याची लाज अधिक आहे.

येत्या १ ऑगस्टला आपल्याही गल्लीतून मिरवणूक जाईल. तेव्हा दार झाकू नका, एवढेच सांगण्यासाठी हे सारे लिहिले.