कॅशबॅक येतो कुणाच्या खिशातून? चारकोपच्या लाइट बिलापासून महार वतनापर्यंत

रविवारी वंदना झाल्यावर विहारात थोडा वेळ बसायचं, ही आमच्याकडची जुनी सवय. चारकोपमध्ये अशाच एका रविवारी एका ताईंनी पर्समधून दोन कागद काढून आमच्यासमोर ठेवले. एक घरचं लाइट बिल, दुसरं एका क्रेडिट कार्डाचं रंगीत पत्रक. लाइट, गॅस, मोबाइल आणि वायफाय अशी सगळी बिलं या कार्डावर भरा आणि पैसे परत मिळवा, असं पत्रकावर लिहिलेलं. ताईंनी विचारलं, "दादा, बिलं तर भरायचीच आहेत ना? मग त्यातले चार पैसे परत येत असतील तर वाईट काय?"

आमच्यातल्या एकाने लगेच "हे सगळे भांडवलदारांचे डाव" असं म्हणून विषय संपवायचा प्रयत्न केला. ताईंचं समाधान झालं नाही, आणि होऊही नये. घोषणेने लाइट बिल कमी होत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाचे अनुयायी आपण, तेव्हा आपलं उत्तर हिशोबातूनच यायला हवं. म्हणून त्या दिवशी आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तोच हिशोब आणि त्यामागचा इतिहास इथे मांडतो आहोत.

आधी हिशोब

समजा घरचं लाइट बिल महिना १८०० रुपये, पाइप गॅस ६००, मोबाइल आणि ब्रॉडबँड मिळून १०००. आता बाजारातली दोन खरी कार्डं घेऊ.

पहिलं एअरटेल-अॅक्सिस बँकेचं, २०२२ साली आलेलं. ते आलं तेव्हा त्याची जाहीर रचना अशी होती: एअरटेलच्या बिलांवर २५ टक्के, त्यांच्याच अॅपमधून भरलेल्या वीज-गॅस बिलांवर १० टक्के, दोन्हींना महिन्याची कमाल मर्यादा आणि वार्षिक शुल्क ५०० रुपये. आपल्या घराला महिना २५० अधिक २४० असे ४९० रुपये सुटतात. वर्षाचे ५८८०. शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून ५९० वजा केले तर उरतात ५२९० रुपये.

दुसरं अदानी वन-आयसीआयसीआय बँकेचं, जून २०२४ मध्ये जाहीर झालेलं. चारकोपला वीज अदानी समूहाची कंपनी पुरवते, त्यामुळे हे कार्ड थेट आपल्या मीटरशी जोडलेलं. त्यातल्या स्वस्त कार्डाचं वार्षिक शुल्क जाहीर झालं तेव्हा ७५० रुपये होतं, म्हणजे करासह ८८५. लाइट बिलावर ३ टक्के पॉइंट धरले तर महिन्याला ५४ रुपयांचे, वर्षाला ६४८ रुपयांचे होतात. नुसत्या लाइट बिलासाठी घेतलं तर खिशातले २३७ रुपये जातात. सुरुवातीला व्हाउचर मिळतात, पण ती विमान, हॉटेल, ट्रेन, कॅब यांची. ज्याचं वर्षातून चार वेळा विमानतळावर जाणं होतं, त्याला ते परवडेल. सेक्टरच्या मार्केटमधून भाजी घेऊन रिक्षाने घरी येणाऱ्या कुटुंबाला नाही.

आता प्रामाणिकपणे कबूल करायला हवं की पहिल्या हिशोबात पैसे खरोखर वाचतात. ते नाकारणं खोटेपणा ठरेल. पण तिथे तीन अटी लपलेल्या आहेत. एअरटेलची सेवा तुम्ही तशीही घेणार असाल, तीच तुमच्या गल्लीत सर्वांत स्वस्त असेल आणि कार्डाचं पूर्ण बिल दर महिन्याला तारखेच्या आत भराल, तरच. गल्लीतला केबलवाला तेवढाच वेग महिना २०० रुपये कमी घेऊन देत असेल, तर वर्षाचे २४०० तिथेच गेले. आणि तिसरी अट मोडली तर?

आमच्या ओळखीच्या एका घरात ती मोडली. आईच्या आजारपणात मुलाने कार्डावर २०,००० रुपये खर्च केले आणि पुढच्या महिन्यांत फक्त 'किमान देय रक्कम' भरत राहिला. महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६, एकूण ८२६. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १००० रुपये. भरलेल्या हजारातले ८२६ व्याजात आणि करात गेले, मुद्दल फिटली १७४. शिवाय बाकी शिल्लक असताना कार्डावर भरलेल्या नव्या लाइट बिलालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. वर्षभराचे ५२९० रुपये साडेसहा महिन्यांत पुसले गेले. साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटतं, पण वर्षाला ते ४२ टक्के होतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. आज ही मर्यादा नाही.

जुनी वही, नवं कार्ड

मुंबईच्या कामगाराला हा खेळ नवा नाही. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला, त्यात कामगारांच्या कर्जबाजारीपणाचं वर्णन आहे. रुपयाला महिना एक आणा हा तेव्हाचा सर्रास दर, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. चाळीखालचा वाणी उधारीची वही ठेवायचा. वहीवर माल घेणारा दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नसे, कारण जुनी बाकी याच वहीत अडकलेली. वाणी दिवाळीला मूठभर बत्तासे द्यायचा, आणि तो तेव्हाचा कॅशबॅक. बत्तासे गोड होते यात शंका नाही, पण त्यांची किंमत वर्षभराच्या भावात आधीच वसूल झालेली असायची.

जगभर हेच घडलं. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी निघाली. दुकानदार तिच्याकडून तिकिटं विकत घ्यायचे आणि खरेदीवर गिऱ्हाइकाला वाटायचे. वहीत तिकिटं चिकटवून ती भरली की भेटवस्तू. ब्रिटनमध्ये ग्रीन शील्डच्या तिकिटांनी असाच बाजार व्यापला. १९७७ साली टेस्कोने ती तिकिटं बंद केली आणि त्याच वेळी मालाचे भाव उतरवले. म्हणजे तिकिटांचा खर्च भावातच बसलेला होता. आज त्याच ब्रिटनमध्ये युटिलिटी वेअरहाउस नावाची कंपनी वीज-गॅस, ब्रॉडबँड, मोबाइल आणि विमा एका बिलात देते आणि वर कॅशबॅक कार्ड देते. चिकटवायची तिकिटं गेली, प्लास्टिक आलं.

पैसा येतो कुठून?

कार्ड चालतं तेव्हा दुकानदार बँकेला प्रत्येक व्यवहारामागे शुल्क देतो. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर ते शून्य आहे, क्रेडिट कार्डावर मात्र साधारण दीड-दोन टक्के किंवा अधिक पडतं. दुकानदार ते स्वतःच्या घरून देत नाही, मालाच्या भावात मिसळतो. तो भाव रोखीने घेणाऱ्यालाही तोच.

आता बघा, क्रेडिट कार्ड कुणाला मिळतं? ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे, त्याला. घरकाम करणारी मावशी, नाक्यावर उभा राहणारा मजूर, कंत्राटी सफाई कामगार यांच्याकडे स्लिप नाही. मावशी रोखीने साबण घेते, तिच्या किमतीत कार्डाचा खर्च धरलेला असतो, आणि त्यातला वाटा कॅशबॅक बनून तिच्या मालकिणीच्या कार्डावर जमा होतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली अमेरिकेचा हिशोब मांडला होता. रोखीने चालणारं सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे पोचवतं आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. गरिबाने श्रीमंताला दिलेली ही सबसिडी आहे. आरक्षणाला 'फुकटचं' म्हणणारे या सबसिडीबद्दल मात्र ब्र काढत नाहीत.

उरलेला पैसा येतो व्याजातून आणि दंडातून, म्हणजे अडचणीत सापडलेल्या त्या मुलाच्या घरातून. शिस्तीने बिल भरणाऱ्याचा कॅशबॅक चुकणाऱ्याच्या व्याजावरही उभा असतो.

वतनाची आठवण का येते?

काहींना ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. वतन ही जातीची गुलामगिरी होती आणि कार्ड कुणी जन्माने गळ्यात बांधत नाही, हा फरक आम्ही विसरलेलो नाही. पण बांधून ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे ओळखीची आहे. महाराला जमिनीचा तुकडा आणि बलुतं मिळायचं, बदल्यात अख्खं कुटुंब रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या कामाला जुंपलेलं. हातात काय मिळतं ते दिसायचं, जे जातं त्याचा हिशोब कुणी मांडत नव्हतं. बाबासाहेबांनी तो मांडला. 'बहिष्कृत भारत'मध्ये वतनावर लेख लिहिले आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. आपल्याच अनेक लोकांना तेव्हा वतन सोडवत नव्हतं, कारण तुकडा का होईना, तो आपला वाटत होता. लहानशा लाभाची माया मोठ्या बंधनाकडे बघू देत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शंभर वर्षांपूर्वी दाखवलं.

विजेचंही तसंच. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीपुढे त्यांनी विजेची मालकी कुणाची असावी हा प्रश्न थेट उभा केला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योग आणि दारिद्र्यातून सुटका तिच्यावर अवलंबून आहे, ही त्यांची भूमिका. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत असं त्यांनी मांडलं. त्यांनी मागितला स्वस्त दर. आपल्याला मिळतो आहे महाग दरावरचा पॉइंट. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटलं, ते याच जाणिवेतून.

दराचं महत्त्व उपनगराने स्वतः अनुभवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००८ च्या निकालानंतर, २००९ पासून, तीच वायर ठेवून रिलायन्सकडून टाटाकडे जाण्याची मुभा मिळाली आणि उपनगरातल्या लाखो ग्राहकांनी ती वापरली. लोकांनी तेव्हा भेटवस्तू पाहिल्या नाहीत, युनिटचा दर पाहिला. आपल्याला तीच नजर पुन्हा हवी.

आपली वाट

मग परत मिळणारा पैसा नेहमी फसवाच का? नाही. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी स्वतःचं दुकान काढलं. नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. हाही कॅशबॅकच, पण दुकान त्यांचं स्वतःचं होतं आणि परतीचा पैसा दुसऱ्या गरिबाच्या खिशातून येत नव्हता. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेलं अपना बाजार आणि १९७५ पासून एकत्र खरेदी करणारी मुंबई ग्राहक पंचायत याच वाटेवरची.

आणि चारकोप तर सहकारावरच उभं आहे. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प आला. म्हाडाने लहान-लहान भूखंड पाडून दिले, मधल्या चौकाभोवती साधारण ३५ घरांची एक सहकारी सोसायटी. घरं लोकांनी हप्ते भरत, एकेक मजला चढवत स्वतः बांधली. ज्यांनी एकत्र येऊन वस्ती उभी केली, त्यांना एकत्र बसून बिलांचा हिशोब करणं जड जाऊ नये.

म्हणून ताईंना आम्ही जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. कार्डाआधी लाइट बिल नीट वाचा. वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत वेळेआधी भरणाऱ्याला १ टक्का सूट आणि डिजिटल भरण्याला पाव टक्का सूट ठरवलेली आहे. त्याला कार्ड लागत नाही, शुल्क लागत नाही. उशीर केला तर सव्वा टक्का आकार बसतो, तो टाळा. सेवा निवडताना आधी मूळ दर बघा, कॅशबॅक शेवटी. ज्या घरात महिनाअखेर ओढाताण आहे तिथे क्रेडिट कार्ड आणूच नका. ज्यांच्याकडे पक्का पगार आणि पक्की शिस्त आहे त्यांनी खुशाल वापरावं, पण वाचलेल्या पैशाला कमाई म्हणू नये.

आणि तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. येत्या जयंतीच्या वर्गणीची यादी करता, तशी एक यादी बिलांची करा. सोसायटीतल्या दहा घरांचे दर, प्लॅन, शुल्कं एका कागदावर मांडा आणि विहाराच्या फलकावर लावा. ब्रॉडबँडवाल्याशी पस्तीस घरांनी मिळून बोला. ताईंनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ही यादी करायला सुरुवात केली आहे. पहिलं नाव त्यांनी शेजारच्या घरकाम करणाऱ्या मावशींचं लिहिलं, ज्यांना कुठलंच कार्ड मिळत नाही.

जय भीम!