धुराड्याखालची नळी

आगगाडी खोपोलीला 1856मध्येच पोचली होती. पुढे बोरघाट उभा होता. तो चढून जायला 1863 उजाडलं. कर्जतहून वर निघालेल्या गाडीला काही ठिकाणी 37 फुटांत 1 फूट चढावं लागतं. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या वाटेला 1907पासून 20 फुटांत 1 असा चढ आला.

अशा चढणीवर इंजिनाचा वेग उतरतो आणि वाफेची मागणी मात्र वाढते. वाफेसाठी भट्टी फुलायला हवी, आणि ती फुलवायला पंखा नव्हता. सिलिंडरमधलं काम आटोपून बाहेर पडणारी वाफच ते करी. धुराड्याखालच्या ब्लास्ट पाइपमधून ती झोताने सुटे, भोवतालचा धूर आपल्यासोबत ओढून वर नेई, आणि त्या ओढीने भट्टीत ताजी हवा शिरे. अगीनगाडीची झुकझुक ती याच झोतांची. वाफ धुराड्यात सोडली की जाळ वाढतो, हे वेल्समध्ये ट्रेव्हिथिकने 1804मध्येच टिपलं होतं.

सगळा पेच नळीच्या तोंडात होता. तोंड अरुंद केलं तर झोत जोरकस होतो, पण वाफ अडून दट्ट्यावर उलटा दाब येतो आणि इंजिनाची ताकद आपल्याच उच्छ्वासात खर्ची पडते. इंग्लंडातले काही ड्रायव्हर गुपचूप त्या तोंडावर एक लोखंडी पट्टी आडवी बसवत. तिला ते ‘जिमी’ म्हणत. साहेबांना ते मान्य नसे, पण मला तर त्या पट्टीत या शास्त्राचं बीज दिसतं. फिनलंडच्या क्युलालाने 1919च्या सुमारास झोत चार वाटांनी फोडला, फ्रान्सच्या शापलॉंने ती रचना सुधारली, आणि 1951मध्ये ऑस्ट्रियाच्या गीझलने सात छोट्या नळ्या एका ओळीत मांडल्या. वाफ तेवढीच, पण तिचा काठ वाढला. आणि वाफ नि धूर मिसळतात ते काठावरच.

झोताने वायू ओढण्याची हीच युक्ती ध्वनीहून वेगवान झोताने करू जाता मात्र याच काठाने दगा दिला. असा झोत काढणारी, आधी आवळत जाऊन पुढे फाकणारी नळी स्वीडनच्या द लाव्हालने 1888च्या सुमारास वाफेच्या टर्बाइनसाठी वापरली होती. साध्या झोताच्या काठावर मोठमोठे भोवरे उठतात आणि तेच बाहेरची हवा आत ओढतात. वेग ध्वनीपलीकडे गेला की दाबातल्या बदलाची वर्दी प्रवाहात सगळीकडे पोचत नाही. भोवरे खुरटतात, झोत लांबवर तसाच अलिप्त धावत राहतो. कॅलटेकच्या पापामोशू आणि रोश्को यांनी 1988मध्ये ही घट मोजून दाखवली.

उपाय पुन्हा तोंडाच्या आकारातच सापडला. 1975मध्ये ब्रॅडबरी आणि खादेम यांनी नळीच्या काठावर छोट्या पट्ट्या लावून झोत कसा विस्कटतो ते मांडलं. जिमीचीच ही शास्त्रशुद्ध भावंडं. मद्रासच्या आयआयटीत 1990च्या दशकात पाकळ्यांच्या आकाराची नळी तपासली गेली. पाकळीमुळे काठाची लांबी तर वाढतेच, शिवाय प्रवाहाच्या दिशेने पीळ घेत जाणारे भोवरे तयार होतात, आणि ते अतिवेगातही टिकून राहतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत लंबवर्तुळी, टोकदार, उथळ पाकळ्यांची नळी इजेक्टरमध्ये, म्हणजे झोताने दुसरा वायू ओढून नेणाऱ्या साधनात, बसवली गेली. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ओढला जाणारा वायू सुमारे 30 टक्क्यांनी वाढला. दाब वाढवण्याची क्षमता मात्र सुमारे 15 टक्क्यांनी घटली. म्हणून जिथे पुष्कळ वायू हलवायचा आहे आणि पुढचा दाब फार नाही, तिथेच ही नळी शोभेल.