मठातला विद्यार्थी

आपल्याकडे अमका गृहस्थ 'वार लावून शिकला' असे म्हटले की पुढचे फारसे सांगावे लागत नाही. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि उपकाराचे ओझे मात्र सातही दिवसांचे! अशा रीतीने विद्या मिळविलेल्या थोरांची कितीतरी चरित्रे मराठीत आहेत. ती वाचत वाचतच मी मोठा झालो. त्यामुळेच की काय, परदेशातल्या एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र हाती घेतले तरी माझी नजर प्रथम त्याच्या कीर्तीकडे जात नाही. हा जेवत कोठे होता, निजत कोठे होता, पहाटे कितीला उठत होता आणि याच्या शिक्षणाचा खर्च कोण करीत होते, हे मी आधी पाहतो. आज ज्या विद्यार्थ्याची हकीकत सांगावयाची आहे, तो सरकारी अन्नावर वाढला. त्याला धर्मोपदेशक व्हावयाचे होते. ते त्याला कधीच होता आले नाही.

त्याचे नाव योहानेस केप्लर. ग्रह सूर्याभोवती वर्तुळात फिरत नसून लंबवर्तुळात फिरतात, हा त्याचा नियम शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु हा मनुष्य वयाच्या तेराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या वाटेवरचा विद्यार्थी होता आणि ज्योतिषाकडे वळला तो जवळजवळ नाइलाजाने, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी दक्षिण जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या लहानशा गावी झाला. आजोबा गावचे नगराध्यक्ष. पण घरची लक्ष्मी केव्हाच रुसलेली. बाप भाडोत्री शिपाईगिरी करीत हिंडे आणि शेवटी घर सोडून गेला तो परत आलाच नाही. आई एका खानावळवाल्याची मुलगी, तापट आणि तोंडाळ. चारेक वर्षांचा असताना मुलाला देवी आल्या. त्यातून तो वाचला, पण दृष्टी अधू झाली आणि हातही पुरते धड राहिले नाहीत. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू निघाला, तेव्हा आईने त्याला उंचवट्यावर नेऊन तो दाखविला होता, ही आठवण मात्र त्याने जन्मभर जपली. लॅटिन शाळेत घातले, तर मधूनमधून शेतावर राबावयास जावे लागे. तीन इयत्तांना पाच वर्षे लागली. शेतकामाला निरुपयोगी आणि डोक्याने तल्लख, असल्या मुलाचे त्या काळी काय करीत? पाद्री करीत.

आणि त्याची सोयही होती. ल्यूथरच्या पंथसुधारणेनंतर वुर्टेम्बर्गच्या ड्यूकांनी आपल्या राज्यातले जुने मठ ताब्यात घेतले होते. मठवासी गेले, इमारती राहिल्या, जमिनीचे उत्पन्नही राहिले. १५५६ साली ड्यूक क्रिस्टोफने या मठांत शाळा काढल्या. नव्या पंथाला गावोगाव शिकलेले उपदेशक हवे होते आणि राज्याला कारकून व शिक्षक. तेव्हा राज्यभरातली हुशार मुले परीक्षा घेऊन निवडावयाची, त्यांना फुकट खाऊपिऊ घालून शिकवावयाचे, आणि मोबदला म्हणून त्यांनी जन्मभर राज्याची सेवा करावयाची, असा हा रोखठोक करार होता. गरिबाच्या मुलाला वर चढावयाचा हाच एक जिना. केप्लरने १५८३ साली ती परीक्षा दिली आणि पुढच्याच वर्षी आडेलबर्गच्या मठशाळेत तो दाखल झाला. दोन वर्षांनी वरची शाळा, माउलब्रॉन. बाराव्या शतकातला हा मठ, त्याच्या कमानी, कारंजे आणि भोजनगृह यांसह अजून उभा आहे. १९९३ साली त्याची गणना जागतिक वारशात झाली.

या शाळांतला दिनक्रम ऐकून आपल्या वेदपाठशाळेतल्या गुरुजींनाही समाधान वाटले असते. उन्हाळ्यात पहाटे चारला आणि हिवाळ्यात पाचला उठावयाचे. उठल्याबरोबर स्तोत्रे म्हणावयाची. अंगावर गुडघ्याखालपर्यंत पोहोचणारा बिनबाह्यांचा झगा. आपापसांत बोलावयाचे तेही लॅटिनमध्येच. घरची जर्मन भाषा तोंडातून निघता कामा नये. लॅटिन, ग्रीक, बायबल, वक्तृत्व, तर्क, संगीत आणि थोडेसे गणित, असा अभ्यास. बारा-तेरा वर्षांची, आईबापांपासून तुटलेली मुले! एकमेकांवर नजर ठेवून कोणी काय केले ते वरिष्ठांना कळविण्याची रीतही तेथे होती. केप्लरने पुढे आपल्या पूर्वायुष्याचे एक टिपण करून ठेवले आहे. भीतीपोटी आपल्याला सोबत्यांची नावे सांगावी लागली आणि त्यामुळे सगळ्यांचा द्वेष आपल्या वाट्याला आला, असे तो त्यात लिहितो. कोणाशी मारामारी झाली, कोणाशी अबोला, कोणते गळू केव्हा उठले, ताप किती दिवस राहिला, सारे त्याने नोंदविले आहे. स्वतःची तुलना तो एका लहानशा कुत्र्याशी करतो. हाडे आणि शिळे तुकडे चघळणारा, वरिष्ठांपुढे शेपूट हलविणारा आणि भलत्याच माणसावर वसकन जाणारा! ही नोंद वाचताना मला हसू येते आणि लगेच वाईटही वाटते. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हा मुलगा परका वाटू नये.

पण या मुलाच्या मनात आणखी एक गोष्ट चालली होती आणि तीच पुढे त्याला भोवली. त्या काळी ल्यूथरचे अनुयायी आणि कॅल्व्हिनचे अनुयायी यांचे हाडवैर होते. दोघेही रोमच्या पोपविरुद्ध, पण एकमेकांविरुद्ध त्याहून अधिक. व्यासपीठावरून कॅल्व्हिनपंथीयांची सालटी काढणारे प्रवचन ऐकले की हा पोरगा अस्वस्थ होई. मग एकांतात बायबल उघडून, ज्या वचनावरून एवढा गदारोळ झाला ते तो स्वतः वाचून पाही. आणि पुष्कळदा त्याला वाटे की, विरोधकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे! ग्रंथ स्वतः वाचावा, हीच तर ल्यूथरची शिकवण. शाळेने ती शिकविली आणि या विद्यार्थ्याने ती खरी मानली.

१५८९ साली तो ट्यूबिंगेनला पोहोचला. नेकार नदीच्या काठी, किल्ल्याच्या पायथ्याशी ऑगस्टिनियन साधूंचा एक जुना मठ होता. त्याचे आता 'श्टिफ्ट' नावाचे छात्रालय झाले होते. जेवणखाण आणि राहणे फुकट. वर केप्लरला त्याच्या गावच्या एका निधीतून वर्षाला २० गुल्डन मिळू लागले. पहिली दोन वर्षे तर्क, नीती, ग्रीक, हिब्रू, ज्योतिष अशा विषयांची आणि पुढची तीन वर्षे शुद्ध धर्मशास्त्राची, असा क्रम होता. १५९१ साली झालेल्या एम. ए.च्या परीक्षेत केप्लरचा दुसरा क्रमांक आला. त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या जीवनावर एक नाटक केले. अंगाने किरकोळ म्हणून केप्लरकडे आले ते राणी मरियम्नेचे काम. स्त्रीपार्टी नटांची थोर परंपरा असलेल्या आपल्या महाराष्ट्राला याचे कौतुक वाटावयास हरकत नाही!

गुरुजनही एकेक नमुने होते. ग्रीकचे अध्यापक मार्टिन क्रुसियस रोज देवळात जात, उपदेशक जर्मनमध्ये प्रवचन करीत असे आणि हे ते ऐकता ऐकता ग्रीकमध्ये उतरवून घेत. अशी हजारो प्रवचने त्यांनी लिहून ठेवली. पण केप्लरचे खरे गुरू म्हणजे गणिताचे मिखाएल मेस्टलिन. वर्गात ते आपल्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे पृथ्वी स्थिर आणि सूर्य फिरता, असेच शिकवीत. मात्र निवडक विद्यार्थ्यांना ते कोपर्निकसचे मतही समजावून सांगत. हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी वादसभांतून उघडपणे कोपर्निकसची बाजू घेऊ लागला. १५९३ साली त्याने एक चमत्कारिक विषय मांडला: चंद्रावर उभे राहून पाहिले तर आकाश कसे दिसेल? क्रिस्टोफ बेझोल्ड या मित्राने त्यावर वादसभा भरविण्याचा घाट घातला. पण अध्यक्षस्थानी असलेल्या अध्यापकांनी परवानगीच दिली नाही. केप्लरने तो कागद टाकून दिला नाही. त्यातूनच पुढे चंद्रप्रवासाची एक कथा झाली आणि ती छापली गेली त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ साली.

उपदेशकाच्या पदाला काही महिनेच उरले असताना घात झाला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील प्रॉटेस्टंट शाळेचे गणित-शिक्षक वारले आणि त्यांच्या जागी कोणी पाठवा, अशी मागणी ट्यूबिंगेनला आली. निवड झाली केप्लरची. त्याच्या जिवावर आले. पण ज्याचे अन्न खाल्ले त्याने पाठविले तेथे गेले पाहिजे! पुढे उपदेशकाच्या कामावर परत येण्याची मुभा असावी, एवढी अट घालून तो १५९४च्या मार्चमध्ये निघाला. वाटेत त्याचे १० दिवस हरवले, कारण कॅथलिक प्रदेशांनी पोपचे नवे पंचांग १५८२ पासून स्वीकारले होते, तर वुर्टेम्बर्गसारखी प्रॉटेस्टंट राज्ये जुन्यालाच चिकटून होती. पंचांगाचे शास्त्र एक आणि अभिमान दोन, हा प्रकार आपल्याला नवा नाही. केप्लर स्वतः प्रॉटेस्टंट असूनही नव्या पंचांगाच्या बाजूने बोलला. पोपने केले म्हणून गणित खोटे ठरत नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

ग्राझला त्याच्या गणिताच्या वर्गात पहिल्या वर्षी मोजकी मुले होती, दुसऱ्या वर्षी एकही नाही. पण १५९५च्या जुलैत शिकविता शिकविता त्याला ग्रहांच्या अंतरांविषयी एक कल्पना सुचली आणि तो झपाटला. ती कल्पना पुढे टिकली नाही, परंतु तिने त्याला वाट दाखविली. त्या ऑक्टोबरात मेस्टलिनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपले मन उघडे केले आहे. मला धर्मोपदेशक व्हावयाचे होते, त्यासाठी मी फार तळमळलो. पण आता पाहा, ज्योतिषातूनही ईश्वराचे स्तवन होते आहे, असा त्याचा भाव आहे. मला विचाराल, तर केप्लरने धर्मशास्त्र सोडलेच नाही. त्याने फक्त ग्रंथ बदलला.

धर्मपीठाने मात्र त्याला सोडले. वुर्टेम्बर्गच्या उपदेशकाला आणि शिक्षकाला १५७७च्या मतैक्यपत्रावर सही करावी लागे. ख्रिस्ताचे शरीर सर्वव्यापी आहे, असे त्यात प्रतिपादिले होते आणि कॅल्व्हिनपंथीयांचा धिक्कार होता. बाकी सर्व मला मान्य आहे, पण हे एक मान्य नाही, आणि जे मान्य नाही त्याखाली सही करणार नाही, असे केप्लर म्हणाला. त्यामुळे मायदेशी नोकरी मिळण्याचा मार्ग बंद झाला. १६१२ साली तो लिंझला गेला, तेव्हा तेथील उपदेशक डॅनिएल हिट्झलर यांनी सहीवाचून प्रभुभोजन देण्याचे नाकारले. हिट्झलरही ट्यूबिंगेनचेच विद्यार्थी! केप्लरने दाद मागितली ती हाफेनरेफर या आपल्या जुन्या गुरूंकडे. गुरूंचे शिष्यावर प्रेम होते. पत्रे गेली, पत्रे आली. १६१९ साली शेवटचा निकाल आला: सही नाही तर पंगतीत जागा नाही. आपल्याकडे ज्याला वाळीत टाकणे म्हणतात, तेच हे. तिकडे कॅथलिक होण्याचाही आग्रह होत होता. तसे केले असते तर सारे सुख हात जोडून उभे राहिले असते. तो कॅथलिकही झाला नाही. ग्रहगतीचा तिसरा नियम ज्या ग्रंथात आहे, तो याच १६१९ साली प्रसिद्ध झाला.

मग शाळेचे शिक्षण वायाच गेले का? तसे म्हणवत नाही. १६१५ साली त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. १६२०च्या ऑगस्टात सत्तरी उलटलेल्या त्या बाईला पकडून साखळदंडात ठेवले. केप्लर सर्व कामे टाकून धावला. साक्षीदारांच्या बोलण्यातली विसंगती, आजार आणि चेटूक यांतला फरक, एकेक मुद्दा घेऊन त्याने सव्वाशे पानांवर बचाव लिहिला. मठशाळेत घोकलेला तर्क आणि वादसभेत कमावलेली लेखणी तेथे आईच्या उपयोगी पडली. चंद्रावरच्या वादसभेचा घाट घालणारा तो मित्र बेझोल्ड आता ट्यूबिंगेनमध्ये कायद्याचा अध्यापक होता. त्याचीही मदत झाली. चौदा महिन्यांनी, १६२१च्या ऑक्टोबरात म्हातारी सुटली. पुढच्याच वर्षी ती वारली. केप्लर स्वतः १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे, थकलेला पगार मिळविण्याच्या खटपटीत असताना निवर्तला. युद्धाच्या धुमाळीत त्याची कबरही नाहीशी झाली.

ट्यूबिंगेनचे श्टिफ्ट आजही चालू आहे. १९६९ पासून तेथे मुलींनाही प्रवेश आहे. हेगेल, शेलिंग आणि कवी ह्योल्डरलिन तेथेच एका खोलीत राहिले. मलयाळम भाषेचा कोश १८७२ साली सिद्ध करणारे हेर्मान गुंडर्ट माउलब्रॉन आणि श्टिफ्ट या दोन्ही ठिकाणी शिकले. त्यांचा नातू हेर्मान हेस्से मात्र १८९२ साली माउलब्रॉनमधून पळून गेला आणि पुढे कादंबरीकार झाला! आपल्या केरूनाना छत्र्यांनी १८६० साली मराठीत 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. पाश्चात्त्य गणिताच्या ज्या पायावर ती उभी आहेत, त्याचा एक चिरा केप्लरचाच.

धर्माच्या शाळा उपदेशक घडविण्यासाठी निघतात. त्यांतून कोण बाहेर पडेल, हे मात्र त्यांच्या हाती नसते. केप्लरला शाळेने दोन गोष्टी शिकविल्या: ग्रंथ स्वतः वाचावा आणि खोटे बोलू नये. तो दोन्ही पाळीत राहिला, म्हणून त्याला पंगतीत जागा मिळाली नाही. शाळेच्या हिशेबी हा विद्यार्थी नापास झाला असेल; पण तिने शिकविलेला धडा इतक्या प्रामाणिकपणे गिरविणारा दुसरा विद्यार्थी तिला क्वचितच मिळाला असेल.