कालुंडबोर्ग येथील शेजारधर्म

डेन्मार्कांतील कालुंडबोर्ग बंदरीं एका कारखान्याचें टाकाऊ द्रव्य दुसऱ्याचा कच्चा माल होतें. ही व्यवस्था कोणी आधींच आंखली, असा समज कालक्रम पाहतां टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. भूजल राखण्यासाठीं इ. स. १९६१ मध्यें तेलशुद्धीच्या कारखान्यास टिसो सरोवराचें पाणी देण्याची योजना झाली. १९७२ मध्यें त्याचा जादा वायु शेजारच्या जिप्सम-तक्त्यांच्या कारखान्यास मिळूं लागला. पुढें १९८२ मध्यें वीजगृहाची वाफ औषधांच्या कारखान्यास, व १९९३ मध्यें तेथील धूर निर्गंधक करतांना निपजणारा जिप्सम तक्त्यांच्या कारखान्यास मिळाला. प्रत्येक करार दोघांपुरता व हिशेबी होता. 'औद्योगिक सहजीवन' हें नांव १९८९ मध्यें पडलें. सारांश, आचार आधीं, सूत्र मागाहून. पाणिनीपूर्वींही लोक शुद्ध बोलतच होते.