पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे अफूजन्य वेदनाशमन

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचे अफूजन्य वेदनाशमन म्हणजे पोट उघडून अथवा दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णास होणारी तीव्र वेदना मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारख्या औषधांनी आटोक्यात ठेवण्याची उपचारपद्धती होय. सिझेरियन प्रसूती, गर्भाशय काढणे, आंत्रपुच्छ अर्थात अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, आतड्यातील अडथळा अथवा छिद्र, तसेच पोटातील कर्करोग यांवरील शस्त्रक्रियांनंतर तिचा अवलंब होतो. ही औषधे वेदनेवर अत्यंत प्रभावी असली, तरी श्वसन मंदावणे व आतडी सुस्तावणे हे त्यांचे दोष पोटाच्या रुग्णास विशेष जाचक ठरतात. त्यामुळे ती एकटी न देता इतर वेदनाशामकांच्या जोडीने व शक्य तितक्या कमी मात्रेत देण्याकडे आजचा कल आहे.

== नाव व वर्गीकरण ==

‘अफू’ हा शब्द मूळ ग्रीक असून अरबी ‘अफ्यून’मार्गे भारतीय भाषांत आला. संस्कृत वैद्यकग्रंथांतील ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, हे त्याच शब्दाला दिलेले संस्कृत रूप मानले जाते. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास मद्य देण्यास सांगितले आहे. अहिफेनाचा उल्लेख मात्र बऱ्याच नंतरच्या, मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेसारख्या ग्रंथांत आढळतो.

खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा पाडल्यावर जो चीक पाझरतो, तो वाळवून अफू बनते. मॉर्फिन व कोडीन ही तिच्यातील नैसर्गिक सत्त्वे होत. ऑक्सिकोडोन हे अशा सत्त्वांपासून रासायनिक प्रक्रियेने बनते. पेथिडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, पेंटाझोसिन ही पूर्णतः प्रयोगशाळेत तयार होणारी औषधे असून त्यांचा खसखशीच्या झाडाशी काही संबंध नाही. तथापि ती शरीरातील त्याच ग्राहींवर काम करतात, म्हणून सोयीसाठी या सर्वांस ‘अफूजन्य’ अथवा ‘ओपिऑइड’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता ‘अफूसदृश’ हा शब्द अधिक योग्य ठरेल.

== इतिहास ==

जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिश सेर्टर्नर याने १९व्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे केले व ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फिअस हिच्यावरून त्यास नाव दिले. १८५० नंतर पोकळ सुईची पिचकारी प्रचारात आल्यावर मॉर्फिन थेट शरीरात टोचणे शक्य झाले. पेथिडीन १९३०च्या दशकाच्या अखेरीस, तर फेंटानिल १९६०च्या सुमारास बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. मेंदूतील अफू-ग्राही १९७३ मध्ये दाखवून देण्यात आले. मज्जारज्जूतही असे ग्राही असल्याचे कळल्यावर १९७९ मध्ये पाठीच्या कण्यातून अत्यल्प मॉर्फिन देण्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल.

महाराष्ट्राचा अफूशी आलेला संबंध प्रथम व्यापाराचा होता. १९व्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. या व्यापारात मोठी संपत्ती मिळवलेल्यांपैकी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. डेव्हिड ससून यांच्या घराण्याच्या व्यापारातही अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ पासून रुग्णसेवा देत आहे. इंदापूर व बारामती तालुक्यांतील गुंतागुंतीचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तेथेच पाठवले जात आले आहेत.

घरगुती वापराची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूमिश्रित ‘बाळागोळी’ देत, याची नोंद २०व्या शतकाच्या पूर्वार्धातील अहवालांत आहे. अफूविषयीची भीती जनमानसात कोठून आली, हे समजण्यास असे दाखले उपयोगी पडतात.

== पोटाच्या वेदनेचे वैशिष्ट्य ==

पोटावरील चीर श्वासागणिक हलते. बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वरच्या भागात मोठी चीर असेल, तर रुग्ण वेदनेच्या भीतीने उथळ श्वास घेतो, खोकणे टाळतो आणि कुशीवर वळत नाही. परिणामी फुप्फुसांचा तळभाग पुरेसा फुगत नाही, कफ साचतो व न्यूमोनियाचा धोका वाढतो. अंथरुणातून न उठल्याने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता असते. म्हणून अशा रुग्णाचे दुखणे थांबवणे हे केवळ दयेचे काम नसून उपचाराचाच भाग होय. ‘दोन दिवस सोसावे लागणारच’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे.

वेदनेचे प्रकारही दोन असतात. त्वचा व स्नायूंवरील जखमेची वेदना नेमकी दाखवता येते आणि हालचालीने वाढते. आतड्यांची व इतर अवयवांची वेदना खोल, पसरट व मुरड्यासारखी असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटलास त्रास होऊन चक्क खांदा दुखतो. रुग्ण त्यामुळे घाबरतो, पण ही तक्रार बहुधा एकदोन दिवसांत शमते.

== प्रमुख औषधे ==

'''मॉर्फिन''' हे आजही मापदंड मानले जाते. शिरेतून दिल्यास त्याचा पूर्ण प्रभाव १५ ते २० मिनिटांत दिसतो व साधारण ३ ते ४ तास टिकतो. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णात त्याचे क्रियाशील अवशेष साठून झोप व श्वसनमंदता वाढते. '''फेंटानिल''' मॉर्फिनच्या सुमारे १०० पट प्रबळ आहे. ते एकदोन मिनिटांत काम करू लागते, मात्र एका लहान मात्रेचा परिणाम अर्धा ते एक तासच राहतो. त्याची त्वचेवर लावण्याची पट्टी दीर्घकालीन वेदनेसाठी असून ताज्या शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठी ती वापरणे धोकादायक आहे.

'''ट्रॅमाडॉल''' सौम्य असून भारतात फार वापरले जाते. प्रौढ व्यक्तीस त्याची दिवसाची कमाल मात्रा ४०० मिलिग्रॅम आहे. मळमळ हा त्याचा नेहमीचा त्रास, तर झटके येणे हा गंभीर धोका होय. नैराश्यावरील काही औषधांबरोबर ते देऊ नये. '''पेथिडीन''' एके काळी सर्वत्र वापरात होते. परंतु त्याचे विघटन होऊन बनणारा पदार्थ साठल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ते मागे पडले. '''पेंटाझोसिन''' हे ‘फोर्टविन’ या नावाने भारतीय दवाखान्यांत दीर्घकाळ परिचित आहे. ठरावीक मर्यादेनंतर मात्रा वाढवूनही त्याचा वेदनाशामक परिणाम वाढत नाही. काहींना त्याने भास होतात, आणि आधी मॉर्फिन दिलेल्या रुग्णास ते टोचल्यास मॉर्फिनचाच परिणाम उतरू शकतो.

स्तनपान देणाऱ्या मातेस कोडीन व ट्रॅमाडॉल टाळावे, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. काही व्यक्तींच्या यकृतात या औषधांचे रूपांतर अतिवेगाने होते आणि दुधावाटे बाळाचा श्वास मंदावू शकतो. सिझेरियननंतरच्या उपचारात ही बाब महत्त्वाची आहे.

== देण्याच्या पद्धती ==

स्नायूत ठरावीक तासांनी इंजेक्शन देणे ही जुनी रीत. तिच्यात औषध शोषले जाण्याचा वेग बेभरवशाचा असतो. रुग्ण आधी तळमळतो, मग गुंगीत जातो आणि पुन्हा तळमळतो. शिरेतून थोडेथोडे औषध देत, उतार पडेपर्यंत थांबत जाणे अधिक सुरक्षित असते.

'''रुग्णनियंत्रित वेदनाशमन''' या पद्धतीत सलाइनला एक पंप जोडलेला असतो. रुग्णाने कळ दाबली की ठरावीक मात्रा, मॉर्फिनची बहुधा १ मिलिग्रॅम, शिरेत जाते. त्यानंतर काही मिनिटे कितीही वेळा कळ दाबली तरी यंत्र औषध सोडत नाही. झोपी गेलेला रुग्ण कळ दाबत नाही, हीच या पद्धतीची खरी सुरक्षितता. साहजिकच मायेपोटी नातेवाइकाने ती कळ दाबली, तर सारी योजनाच कोलमडते.

'''कण्यातून औषध''' देताना बधिरतेच्या इंजेक्शनमध्येच मॉर्फिनचा अत्यल्प अंश मिसळतात. सिझेरियनसाठी ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम पुरेसे होते व आराम १८ ते २४ तासांपर्यंत टिकू शकतो. भारतात मिळणाऱ्या ॲम्प्यूलमध्ये १० किंवा १५ मिलिग्रॅम मॉर्फिन असते, म्हणजे सुमारे शंभरपट. मोजमापात दशांशचिन्ह चुकले तर अनर्थ ओढवतो. शिवाय कण्यासाठी परिरक्षकविरहित औषधच लागते. मोठ्या शस्त्रक्रियांत कण्याबाहेरील पोकळीत बारीक नळी ठेवून बधिरतेचे औषध व फेंटानिल काही दिवस चालू ठेवतात. या पद्धतीस एपिड्युरल म्हणतात.

या सर्वांच्या जोडीस पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसारखी औषधे व पोटाच्या भिंतीतील मज्जातंतू बधिर करणारी इंजेक्शने दिल्यास अफूजन्य औषधांची गरज बरीच घटते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या शीघ्र पुनर्लाभाच्या विचारात हे मिश्र वेदनाशमन, लवकर खाणेपिणे व लवकर चालणे यांची सांगड घातलेली आहे.

== दुष्परिणाम व देखरेख ==

मळमळ, उलटी, खाज, लघवी अडणे व बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास होत. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ निश्चल होतात. लहान आतडे दिवसभरात, जठर एकदोन दिवसांत आणि मोठे आतडे दोनतीन दिवसांत पूर्ववत होते. अफूजन्य औषधांनी हा काळ लांबतो. फेरीला आलेले डॉक्टर प्रत्येक रुग्णास ‘गॅस सुटला का?’ असे विचारतात, त्यामागील कारण हेच.

सर्वांत गंभीर धोका श्वसनमंदतेचा. तिच्यापूर्वी बहुधा गुंगी वाढते, म्हणून रुग्ण हाकेला कसा प्रतिसाद देतो हे पाहणे, श्वास मिनिटाला किती होतात हे मोजणे, या गोष्टी यंत्राहून महत्त्वाच्या आहेत. श्वास मिनिटाला ८ ते १० च्या खाली गेल्यास तो धोक्याचा इशारा समजतात. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर येथे फसवू शकते. नाकातून प्राणवायू चालू असेल, तर श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ चांगला दिसतो. कण्यात मॉर्फिन दिल्यास श्वसनमंदता अनेक तासांनी, कधी मध्यरात्री उद्भवते, त्यामुळे २४ तास लक्ष ठेवावे लागते. ‘पेशंट छान घोरतोय’ हे नातेवाइकांचे समाधान अशा वेळी परिचारिकेच्या कानावर घालणे इष्ट.

यावर नॅलोक्झोन हा उतारा आहे. तो क्षणांत काम करतो, मात्र त्याचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो, त्यामुळे रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. वृद्ध, अतिस्थूल, झोपेत श्वास अडणारे, तसेच झोपेची औषधे अथवा मद्य घेणारे रुग्ण विशेष जोखमीचे होत.

== कायदा व उपलब्धता ==

भारतात औषधी कारणासाठी अफूची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील नेमून दिलेल्या भागांतच, परवान्याने होते. महाराष्ट्रात ती बेकायदा आहे. सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाने गाझीपूर व नीमच येथे आहेत. अशा रीतीने भारत स्वतः अफू पिकवतो, आणि तरीही भारतीय रुग्णास मॉर्फिन दुर्मीळ राहिले, ही विसंगती अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे.

तिचे एक प्रमुख कारण १९८५चा अमली पदार्थविषयक कायदा. कठोर शिक्षा आणि प्रत्येक राज्यातील वेगवेगळे परवाने यांमुळे औषधदुकाने व रुग्णालये मॉर्फिन ठेवण्यासच कचरू लागली. १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व २०१५च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही ६ औषधे ‘अत्यावश्यक’ ठरवण्यात आली. आता अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ हा दर्जा मिळवावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर व साठ्याची काटेकोर नोंद आवश्यक असते. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले.

== ग्रामीण भागातील प्रश्न ==

इंदापूर तालुक्यातील बावडा व परिसरातील गावांच्या दृष्टीने पाहिल्यास प्रश्न अंतराचा व मनुष्यबळाचा आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील रुग्णास इंदापूर, नीरेपलीकडील अकलूज अथवा बारामती गाठावी लागते. इंदापूरपासून पुणे सुमारे १४० किलोमीटर आहे. बारामतीस २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने भूलशास्त्राचे अध्यापन या भागात प्रथमच आले.

लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञ बाहेरून येतो व शस्त्रक्रिया आटोपताच पुढच्या गावी जातो. रात्री देखरेखीस एकच परिचारिका असेल, तर प्रबळ औषध टाळणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. तो जे उपलब्ध आहे त्याच्या मर्यादेत वागतो. तथापि पॅरासिटामॉल वेळेवर देणे, टाके घालतानाच जखमेत बधिरतेचे औषध भरणे आणि दर चार तासांनी वेदनेची नोंद करणे यांसाठी मोठे रुग्णालय लागत नाही.

वेदनेचे मोजमाप ० ते १० या अंकांत करतात. ज्यांना अंकांत सांगणे अवघड जाते, त्यांच्यासाठी चेहऱ्यांची चित्रे असतात. मराठी रुग्णाकडे याहून नेमकी साधने आहेत, ती म्हणजे शब्द. ‘ठणका’ म्हटले की जखमेतील सूज वा पू, ‘कळ’ म्हटले की थांबून थांबून येणारी आतड्याची वेदना, ‘आग’ म्हटले की त्वचेची वा मज्जातंतूची जळजळ, ‘ओढ’ म्हटले की टाक्यांवरील ताण सुचतो. नुसते ‘दुखतंय’ यावर न थांबता ‘कसं दुखतंय?’ असे विचारल्यास औषध निवडणे सोपे जाते. स्त्रिया, विशेषतः वडीलधाऱ्या, विचारल्याशिवाय सांगत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

== व्यसनाची भीती ==

रुग्णालयात, देखरेखीखाली, चारदोन दिवस दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची शक्यता कमी असते, मात्र शून्य नसते. अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना मुबलक गोळ्या लिहून देण्याची पद्धत पडली होती. २०१७ मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पूर्वी ही औषधे न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही ती घेत असल्याचे आढळले. लहान व मोठ्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते, म्हणजे कारण जखमेच्या आकारात नव्हते. तंबाखू, मद्य व आधीची दीर्घकालीन वेदना यांचा त्याच्याशी संबंध दिसला.

यास्तव घरी जाणाऱ्या रुग्णास मोजक्या दिवसांपुरत्याच गोळ्या देतात व सोबत पॅरासिटामॉल नियमित घ्यावयास सांगतात. उरलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या घरात ठेवून पुढे कंबरदुखी वा डोकेदुखीसाठी दुसऱ्या कुणास देऊ नयेत. घरी गेल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, पोट फुगून वायू सरत नसेल, तर जास्त गोळ्या न घेता रुग्णालयात परत जावे, कारण ती वेदना जखमेची नसून आतील गुंतागुंतीची असू शकते.